टेबलावर आणू या आपली शकुंतला!

यूट्यूबवर मॉडेल रेल्वेचे व्हिडिओ बघितलेत? हिरवीगार टेकडी, मागे बर्फाचं शिखर आणि मधून धावणारी इवलीशी गाडी. बघता बघता वाटतं, आपणही करून पाहावं. पण यवतमाळात बसून स्वित्झर्लंड कशाला? आपल्याकडे शकुंतला होती ना!

यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे न्यायला ब्रिटिश कंपनीनं ही लाइन टाकली. १९२१मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३पासून इथं राबलं. १५ एप्रिल १९९४ला त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. आता गाडीच बंद आहे. आजोबांनी तिच्यातून प्रवास केला, तुमच्या धाकट्या भावाला मात्र ती ऐकूनच माहीत.

आधी गणित

मॉडेलवाल्यांचं लाडकं प्रमाण म्हणजे ‘एचओ’, एकास ८७. शकुंतलेचे ७६२ मिलिमीटर भागिले ८७, म्हणजे जवळपास पावणेनऊ. बाजारात ‘एन’ गेजचा रूळ मिळतो ९ मिलिमीटरचा. जमलं की! पण अख्खी लाइन करायची तर १३०० मीटर लांब टेबल लागेल. म्हणून एकच जागा निवडा. छोटं स्टेशन, एक फाटक, बाजूचं एक शेत. बस.

मग जमीन

थर्माकोलचे उंचवटे करा, त्यावर रद्दीच्या पट्ट्या खळीनं चिकटवा. वरून आपलीच काळी माती, पण चहाच्या गाळणीनं गाळून, तव्यावर भाजून. तिच्यातून लोहचुंबक नक्की फिरवा. आपल्या मातीत लोखंडाचे कण असतात, ते इंजिनाच्या मोटरीत शिरतात. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे तो मातीत नीट मुरतो. माती फार काळी दिसली तर थोडी राख मिसळा.

झाडं आणि महिना

तुळशीच्या वाळक्या काड्या म्हणजे तयार खोडं. रंगवलेल्या स्पंजचा चुरा चिकटवला की पानं. दहा मीटरचा पळस साडेअकरा सेंटिमीटरचा होईल, माणूस दोनचा, पऱ्हाटी जेमतेम एकाची. पण त्याआधी महिना ठरवा. दिवाळीनंतरचा असेल तर पऱ्हाटीवर कापसाचे बारीक ठिपके. फाल्गुनातला असेल तर रिकामी शेतं, पिवळं गवत आणि निष्पर्ण फांद्यांवर केशरी पळस. इथंच बहुतेक जण चुकतात. पाकिटातलं हिरवं गवत सगळीकडे पसरतात आणि गाव कुठलंच राहत नाही.

पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम बघा. भाऊ जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं ते छोटं शहर १९९८पासून लोकांना बघायला मिळतंय.

पण पहिली चक्कर जुन्या लाइनच्या कडेनं मारा. मोबाइलवर फोटो काढा. मग आजोबांना विचारा: पाण्याची टाकी कुठं होती? गाडीची वाट बघत लोक कोणत्या झाडाखाली बसायचे? हे कुठल्याच व्हिडिओत सापडणार नाही. सांगणारे आहेत तोवर विचारून घ्या.