ई-गाडी हलत नाही, म्हणून बॅटरीच गेली असे नाही

चंद्रपूर-गडचिरोलीकडे इलेक्ट्रिक गाडी जागची हलेनाशी झाली की ‘बॅटरी गेली’ असा निकाल लगेच लागतो. बॅटरी हा गाडीचा सर्वांत महाग भाग, त्यामुळे धास्ती साहजिक आहे. पण पडद्यावर चार्ज भरपूर दिसत असेल, तर संशय आधी किरकोळ भागांवर घ्यावा. स्कूटरच्या साइड स्टँडच्या सेन्सरला चिखल बसला किंवा ब्रेकचा स्विच अडकून राहिला, तर कंट्रोलर मोटरला वीज सोडतच नाही. चार्जिंगची गन लावलेली असताना कार गिअर घेत नाही. शिवाय बहुतेक ई-कारमध्ये 12 व्होल्टची एक लहान बॅटरीही असते. मोठ्या बॅटरीची वीज मोटरकडे सोडणारे काँटॅक्टर तिच्या जोरावर चालतात. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही कार मुकाट उभी राहते. म्हणजे यातल्या बऱ्याच प्रसंगी गाडी बिघडलेली नसते, तिने सुरक्षेसाठी चालायला नकार दिलेला असतो.

उन्हाळ्याचेही तसेच. चंद्रपूरचा पारा 46 अंशांपलीकडे जातो, तेव्हा उन्हात तापलेल्या गाडीची ताकद कमी होते, कधी ती थांबतेही. तापलेल्या सेलना जपण्यासाठी बॅटरीची देखरेख करणारी यंत्रणाच हे करते. ही काळजी उगाच नाही: 2022 मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्यावर एआयएस-156 हे सुरक्षा मानक कडक झाले, आणि त्याचे टप्पे डिसेंबर 2022 व मार्च 2023 पासून लागू झाले. गाडी अशी तापून थांबली, तर ती सावलीत घेऊन निवू द्यावी. लगेच चार्जिंगला लावू नये.

भामरागड-एटापल्लीकडे सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे. पेट्रोलची दुचाकी गावातला मिस्त्री उघडतो, पण ई-गाडीची बॅटरी त्याने उघडू नये. म्हणूनच वरची तपासणी चालकाला स्वतः यायला हवी. ती करूनही गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढण्याची सवय इथे महागात पडते: चाकांबरोबर फिरणारी मोटर वीज तयार करते आणि कंट्रोलर जळू शकतो. कार उचलून ट्रकवर लादूनच न्यावी. पाण्याबाबतही गैरसमज नको. बॅटरीवरचे आयपी67 हे मानांकन म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी. पर्लकोटा नदीच्या पुलावरून वाहणाऱ्या पुरात गाडी घालण्याचा तो परवाना नव्हे. गाडी पाण्यात बुडाली असेल, बॅटरी फुगली असेल किंवा धूर, उग्र वास येत असेल, तर कोणतीही तपासणी न करता लांब व्हावे आणि अग्निशमन दलाला कळवावे.