चोथ्याचा हिशेब आणि भाकरीचा हिशेब



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलून जातात. माझी विद्या म्हणजे बाजारात पोती उचलणाऱ्यांच्या मजुरीच्या पावत्या. त्या तपासता तपासता जे चार हिशेब कळले, तेवढेच माझे भांडवल. आजचा विषयही मी हिशेबाच्याच वाटेने मांडणार आहे. विषय दिसायला क्षुल्लक आहे : चहा-कॉफी गाळल्यावर उरणारा चोथा. त्यातून एखादा लहानसा उद्योग उभा राहील काय, आणि राहिलाच तर त्यात राबणाऱ्या बाईची चूल पेटेल काय, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

टाकाऊतून कमाई ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. शेवगावचा कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई वेगळी होते, सरकी वेगळी होते. सरकीचे तेल निघते, पेंड जनावरापुढे जाते. साखर कारखान्यात उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जळून वाफ आणि वीज देते. मळीपासून मद्यार्क होतो. मात्र सरकी आणि चिपाड ही कारखान्याच्या आवारात आपोआप एका ठिकाणी जमतात. चोथा तसा जमत नाही. तो टपऱ्याटपऱ्यांच्या मागे, बादल्याबादल्यांत, ओंजळीओंजळीने पडलेला असतो. म्हणजे माल फुकट, पण तो गोळा करणे महाग. या धंद्याची सगळी गोम या एका वाक्यात आहे.

आता मालाचे गुणदोष पाहू. यंत्रावर किंवा फिल्टरमध्ये केलेल्या कॉफीचा चोथा स्वच्छ असतो, कारण दूध नंतर मिसळले जाते. त्यात नत्र असते, म्हणून खताला तो चांगला. पण ताजा चोथा थेट रोपाच्या मुळाशी घातला तर वाढ खुंटते. तो पाल्याबरोबर कुजवावा लागतो. धिंगरी अळंबीही त्यावर येते. मात्र चोथा ताजाच वापरला पाहिजे, जागा गार आणि दमट पाहिजे. आपल्याकडच्या वैशाखात ती जागा कोठून आणणार? शिवाय शेवगावात कॉफी पिणारे किती? आपला माल म्हणजे चहाचा चोथा. आपला चहा दूध-साखरेसकट उकळतो. त्यामुळे त्या चोथ्याला मुंग्या लागतात, माशा बसतात आणि उन्हाळ्यात तो संध्याकाळपर्यंत आंबतो. तो आधी पाण्याने धुवावा, निथळावा आणि वाळलेला पाला किंवा बारीक केलेल्या पऱ्हाट्या घालून कुजवावा. कोरडा पाला कमी पडला की ढिगाला वास सुटतो आणि वास सुटला की शेजारी तक्रार घेऊन येतात.

येथपर्यंत सगळे सोपे वाटते. आता पेन्सिल हातात घ्या. आकडे उदाहरणादाखल आहेत. पन्नास टपऱ्या, प्रत्येकीचा दिवसाला २ किलो ओला चोथा, म्हणजे १०० किलो. त्यात निम्म्याहून अधिक पाणी. पाला मिसळून, कुजवून, चाळून फार तर ४० किलो खत हाती येते असे धरू. किलोला १० रुपये मिळाले तर ४०० रुपये झाले. खर्चाच्या बाजूला दोन बायांची मजुरी, प्रत्येकी ४०० प्रमाणे ८०० रुपये. गाडी, पोती, चाळणी यांचे १००. एकूण ९००. रोजची तूट ५०० रुपये.

ही तूट कोण भरतो? बहुतेक ठिकाणी ती मजूर भरतो. कसे, ते मी माझ्याच अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी पालापाचोळ्याच्या खताची अशीच खटपट केली. खत विकून जे उरेल ते बायांत वाटू, असे आम्ही ठरवले. उरलेच थोडे. तिसऱ्या महिन्यात एका आजींनी मला विचारले, की खत तर झाले, भाकरीचे काय? माझ्यापाशी उत्तर नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांकडे मजुरी मागणारा मी, स्वतः मालकाच्या जागी बसलो तेव्हा मजुरी शेवटच्या ओळीत लिहून मोकळा झालो होतो. ती खटपट बंद पडली आणि ती पडायलाच हवी होती.

ही चूक लहानांकडूनच होते असेही नाही. इंग्लंडात २०१३ साली बायो-बीन नावाची कंपनी निघाली. कॉफीच्या चोथ्याचे जळाऊ ओंडके ती यंत्रांवर करी. तिचा बोलबालाही झाला. २०२३ साली ती बंद पडली. एवढ्यावरून चोथा निरुपयोगी ठरत नाही. परंतु कल्पना चांगली आहे म्हणून हिशेब जुळतोच, या भ्रमात कोणी राहू नये.

मग हिशेब कोठे जुळला? तो पुण्यात जुळला. १९९३ साली तेथे कचरा वेचणाऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. हमालांची संघटना बांधणारे डॉ. बाबा आढाव आणि महिला विद्यापीठातील प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या यांचा त्यामागे हात होता. वेचणाऱ्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया. पाठीवर पोते दिसले की चोर म्हणून संशय यायचा. पंचायतीने महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे त्यांना मिळवून दिली. पुढे 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला. वेचक दारोदार जाऊन कचरा घेतात. प्रत्येक घर त्या सेवेचे ठरलेले पैसे देते. आणि त्यातून निघालेले भंगार विकून येणारी रक्कम वेचकाची. उद्योगाला असे दोन पाय मिळाले : एक सेवेचा मोबदला, दुसरा मालाची किंमत. भंगाराचा भाव पडला तरी पहिला पाय उभा राहतो.

हेच गणित आपल्या चोथ्याला लावून पाहा. पन्नास टपऱ्यांनी रोज १० रुपये दिले की ५०० रुपये होतात. तूट नेमकी भरून निघते. १० रुपये म्हणजे चहाच्या एका कपाची किंमत. दिवसभरात विकलेल्या कपांपैकी एक कप आपल्यामागचा कचरा उचलणारीच्या नावे, एवढेच मागणे आहे. कोणी याला दान समजू नये. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही कचरा करणाऱ्याने तो वेगवेगळा ठेवावा आणि उचलण्याचे शुल्क द्यावे, हे तत्त्व घालून दिले होते.

राहिला प्रश्न मालकीचा. १९५७ साली कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करण्याचे ठरवले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने तेथल्याच कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. कप विसळणारा मालक होऊ शकतो, मग चोथा उचलणारी का नाही? आपल्या राज्याच्या १९६० च्या सहकारी कायद्याप्रमाणे निरनिराळ्या कुटुंबांतील दहा व्यक्ती एकत्र आल्या तरी संस्थेची नोंदणी मागता येते. दहा बाया या गावात सापडणार नाहीत काय?

कोणी हे काम हाती घेणार असेल तर त्याने वहीच्या पहिल्या पानावर पहिल्या ओळीत मजुरी लिहावी. ती भागेल इतक्या टपऱ्यांचा होकार आधी मिळवावा आणि मगच खड्डा खणावा. वही दर महिन्याला सर्व बायांसमोर मोठ्याने वाचावी. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही हिशेब उत्तम कळतो, हे मी शपथेवर सांगतो.

आणि आपण श्रोत्यांनी काय करावे? घरी गेल्यावर चहा होईलच. चोथा टाकताना एवढेच आठवावे, की तो उद्या सकाळी कोणाच्या तरी हातात जाणार आहे. त्या हातांना आपण काय देतो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.