जकातीचा हिशेब आणि कपाटातले कागद

रोहण्यात तरावीहची नमाज आटोपून लोक घरी परतले की गल्लीत थोडा वेळ वर्दळ असते. एका घरात मात्र या रमजानमध्ये रोज रात्री अकरापर्यंत दिवा जळत होता. जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, त्यांची बेगम आणि पुण्याहून सुटीवर आलेली लेक, तिघे जाजमावर कागद पसरून बसलेले. बँकेची पासबुके, मुदत ठेवीच्या पावत्या, सोनाराची जुनी चिठ्ठी, म्युच्युअल फंडाचे न उघडलेले लिफाफे. मध्ये लेकीचा लॅपटॉप.

काम जकातीचे. ज्याच्याजवळ गरज भागवून ठराविक मर्यादेइतकी संपत्ती उरते आणि तिला चांद्रवर्ष पूर्ण होते, त्या मुसलमानाने तिचा अडीच टक्के वाटा गरजूंना द्यायचा असतो. मर्यादेला निसाब म्हणतात. साडेसात तोळे म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने, किंवा साडेबावन्न तोळे म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी. राहते घर, अंगावरचे कपडे, शेतीची अवजारे, दारातली मोटारसायकल यात धरत नाहीत. रोख, ठेवी, सोने-चांदी, विकायला ठेवलेला माल, आणि अलीकडच्या काळात शेअर व फंड, हे सगळे धरतात. रमजानमध्येच द्यावी असे बंधन नाही. पण या महिन्यात पुण्य अधिक, म्हणून बहुतेक घरांत हिशेब याच दिवसांत होतो.

गुरुजींचा हिशेब आजवर एका लाल डायरीत होता. पगार एका बँकेत, सोने कपाटात, बाकी काही नाही, तेव्हा डायरी पुरत असे. आता तसे राहिले नाही. पुलगाव-आर्वीची छोटी रेल्वे बंद पडली, पण फंडाचा एजंट मोटारसायकलवर गावात येतो आणि मोबाइलवर पाच मिनिटांत डिमॅट खाते उघडते. एका घरात तीन बँका, दोन ॲप, चार फंड अशी स्थिती छोट्या गावांतही आली आहे. प्रत्येक ॲप आपापले चित्र छान दाखवते. सगळे मिळून घराजवळ काय आहे, ते मात्र कोणी सांगत नाही.

लेकीने ‘ग्नूकॅश’ नावाचे सॉफ्टवेअर निवडले. ते फुकट आहे, जुन्या संगणकावरही चालते, माहिती आपल्याच संगणकावर राहते. त्याची रचना वाण्याच्या चोपडीसारखी, जमा तिथे नावे. मालमत्ता, देणी, उत्पन्न आणि खर्च अशा मोठ्या फांद्या असतात. त्यांखाली आपल्याला हव्या तशा डहाळ्या काढता येतात. इथेच खरा प्रश्न येतो. गुंतवणुकीच्या डहाळ्या कशा काढायच्या? बहुतेक लोक ब्रोकरनुसार काढतात, म्हणजे या ॲपमधले इथे, त्या ॲपमधले तिथे. काही जण प्रकारानुसार काढतात, शेअर एकीकडे, फंड दुसरीकडे. दोन्ही चालतात. पण जकातीसाठी पहिली डहाळी माणसाची लागते. नवऱ्याची संपत्ती वेगळी, बायकोची वेगळी. निसाब ज्याचा त्याचा आणि जबाबदारीही ज्याची त्याची. म्हणून आधी गुरुजी आणि अम्मी अशा दोन फांद्या, मग प्रकार, आणि सर्वांत शेवटी एकेका फंडाचे स्वतंत्र खाते. त्या खात्यात रुपये नव्हे तर युनिट लिहायची. भाव वेगळ्या तक्त्यात तारखेसह नोंदवायचा. युनिट गुणिले भाव, किंमत आपोआप निघते. एकच फंड दोघांच्या नावे असला तर खाती दोन, पण भाव एकदाच लिहायचा.

कागद जुळवायला सोपी वाट आहे. फंड आणि डिमॅटमधले शेअर यांचे पॅन क्रमांकानुसार एकत्रित विवरणपत्र मिळते. त्याला ‘कॅस’ म्हणतात. ते दोघांचे मागवले आणि तिथेच घोटाळा उघडा पडला.

अम्मींनी शिलाईच्या पैशातून पाच वर्षांपूर्वी महिना दोन हजारांची एसआयपी सुरू केली होती. गुरुजी समजत होते, ती तिची, ती आपल्या हिशेबात धरत असेल. अम्मी समजत होत्या, डायरी हे लिहितात म्हणजे यांनी धरली असेल. दागिन्यांची जकात दर वर्षी निघाली, फंडाची एकदाही नाही. दागिने चार तोळ्यांचे; नुसत्या सोन्याचा निसाब भरत नाही, पण त्यात पैसा मिळवला की चांदीचा निसाब कधीच ओलांडला जातो. हनफी मताप्रमाणे तोच धरायचा.

अम्मी बराच वेळ बोलल्या नाहीत. चुकून राहिलेली जकात माफ होत नाही, ती कर्जासारखी डोक्यावर राहते, हे त्यांना ठाऊक होते. लेकीने मागच्या प्रत्येक पहिल्या रोजाचे भाव शोधून तक्त्यात भरले. इथे एक गंमत. सॉफ्टवेअरला इंग्रजी तारीख कळते आणि रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२४ मध्ये पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ मध्ये २ मार्चला. तो रविवार, बाजार बंद, म्हणून शुक्रवार २८ फेब्रुवारीचा भाव घ्यावा लागला. (जे ३१ मार्चला हिशेब करतात त्यांचे वर्ष अकरा दिवसांनी मोठे पडते, काही विद्वान त्यांच्यासाठी २.५७७ टक्के दर सांगतात.) चार वर्षांची फंडाची किंमत २६,०००, ५४,०००, ७९,००० आणि १,१८,००० निघाली. बाकी जकात ६,९२५ रुपये. यंदाच्या १,४०,००० वर ३,५०० वेगळे. अम्मींनी शिलाईच्या डब्यातले पैसे मोजून बाजूला ठेवले तेव्हा कुठे त्या पाणी प्यायल्या.

शेअरच्या जकातीबाबत उलेमांत मतभेद आहेत, ते इथे सांगायलाच हवे. खरेदी-विक्रीसाठी घेतलेल्या शेअरची पूर्ण बाजारभावाने जकात, यावर बहुतेकांचे एकमत. वर्षानुवर्षे ठेवायला घेतलेल्या शेअरबाबत काही जण कंपनीजवळच्या रोख व मालाच्या वाट्यापुरतीच जकात सांगतात. भविष्य निर्वाह निधीबद्दलही मते निराळी. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ‘ठेवण्यासाठी’ आणि ‘विकण्यासाठी’ अशा दोन डहाळ्या वेगळ्या ठेवाव्यात आणि आपल्या मुफ्तींना विचारावे. व्याजावर चालणाऱ्या बँका, दारूच्या कंपन्या वगळून निवडलेले शेअर हवे असतील तर ‘निफ्टी शरिया २५’ हा निर्देशांक आहे, ‘टाटा एथिकल फंड’सारख्या योजनाही आहेत. मुदत ठेवीचे व्याज गुरुजींनी वेगळ्या खात्यात टाकले. ते सवाबाची अपेक्षा न ठेवता गरिबाला द्यायचे असते, जकातीत मोजायचे नसते.

गुरुजींचा स्वतःचा हिशेब सरळ होता. बँकेत ८५,०००, ठेव २,००,०००, फंड १,४०,०००, उसने दिलेले ४०,०००. त्यातून कृषी केंद्राची उधारी २५,००० वजा. उरले ४,४०,०००, जकात ११,०००.

अडखळले ते त्या उसन्या चाळीस हजारांवर. शेजारच्या शेतकऱ्याला लेकीच्या लग्नात दिलेले. परत येण्याची आशा असेल तर धरायचे, नसेल तर हाती आल्यावर बघायचे. “अब्बा, येतील का?” लेकीने विचारले. गुरुजी म्हणाले, “येतील. लिही.” पैसे सोडून देऊन तेच जकातीत धरता येईल का, हेही तिने विचारले. तसे होत नाही. सोडायचे असेल तर मनाने सोडावे, जकात वेगळी द्यावी.

दुसऱ्या दिवशी इफ्तारला तोच शेजारी खजूर घेऊन आला. फळांची प्लेट सरकवत लॅपटॉपकडे पाहून म्हणाला, “गुर्जी, हे तं आमच्याही घरी पाहिजे. बाप गेला तेव्हा कोणत्या बँकेत काय होतं, सहा महिने कोणाले माहीत नव्हतं.” लेक त्याला नॉमिनीचा रकाना दाखवत होती आणि पडदा वर सरकताना ‘येणे’ या नावाखाली त्याचेच नाव आले. तिने झटकन बोट हलवले, पण त्याने पाहिले होते.

“माझंही नाव आहे का त्यात?”

“आहे,” गुरुजी म्हणाले.

तो थोडा थांबला. “राहू द्या. कापूस अजून घरातच आहे, भावासाठी थांबलो. विकला का पहिले ते खोडा.” मग त्याने खिशातून घडी घातलेली पासबुके काढून जाजमावर ठेवली. लेकीने नवी फाइल उघडली आणि विचारले, “काकू कुठं आहेत? त्यांच्या नावानं काय काय आहे, ते आधी सांगा.”