नदीपलीकडचा गोवा

पणजीहून मांडवीचा पूल ओलांडून बारदेशात उतरलेला प्रवासी कांदोळी, कळंगुट आणि बागा या सलग किनाऱ्यावर पोहोचला, म्हणजे गोव्याचा समुद्र तो हाच, अशी त्याची समजूत होते. आणि डिसेंबरच्या अखेरीस तेथील वाळूवर पाऊल ठेवण्यासही जागा उरलेली नाही हे पाहून, चार दिवसांच्या निवांतपणासाठी आलेला तो गृहस्थ खिन्न मनाने माघारी फिरतो. वास्तविक ही गर्दी शंभरेक किलोमीटरांच्या किनाऱ्यातील काही मोजक्या पट्ट्यांतच एकवटलेली आहे. उरलेला मुलुख शांत राहिला याचे कारण तो फार दूर आहे असे नव्हे. सह्याद्रीतून उतरलेल्या नद्यांनी आणि त्यांच्या खाड्यांनी रस्ता जागोजागी तोडला आहे, आणि जेथे पूल नाही तेथे मोटारींचा लोंढा आपोआप थबकतो. शांततेचा शोध घेणाऱ्याने म्हणून नकाशात प्रथम फेरीबोटीचे धक्के पाहावेत, असे माझे मत आहे.

याचा सर्वांत जवळचा दाखला म्हणजे दिवाडी बेट. जुन्या गोव्यातील भव्य चर्चे पाहण्यासाठी रोज शेकडो लोक येतात. परंतु तेथून हाकेच्या अंतरावर असलेल्या धक्क्यावर जाऊन फेरीबोटीत पाय ठेवणारे त्यांच्यात थोडेच. दुचाक्या, भाजीच्या पिशव्या आणि बाजार आटोपून परतणाऱ्या बायका यांना घेऊन ही बोट काही मिनिटांत मांडवीच्या पैलतीरी लागते, आणि समोर भाताची खाजने पसरलेली दिसतात. खाऱ्या पाण्याखालची ही जमीन पूर्वजांनी बांध घालून लागवडीस आणली, तिची व्यवस्था गावकऱ्यांच्या संस्थांनी शतकानुशतके सांभाळली, आणि खारेपणा सोसणारा कोरगुट भात तेथे पिकवला. बांधाच्या तोंडाशी असलेली ‘मानस’ तर अवश्य थांबून पाहावी. तिची लाकडी दारे कोणी माणूस उघडत नाही. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती बाहेर लोटली जातात, आणि भरतीचे पाणी चढू लागले की त्याच पाण्याच्या रेट्याने मिटून शेत वाचवतात. या तोंडाशी जाळे लावून मासळी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जाण्याची वहिवाट आहे. एवढ्या साध्या योजनेत समुद्राचे सामर्थ्य समुद्राविरुद्धच वापरणारी जी बुद्धी आहे, तिच्यापुढे मला नतमस्तक व्हावेसे वाटते.

कदंब राजांचे आराध्य दैवत श्रीसप्तकोटेश्वर याच बेटावर होते. पोर्तुगीज अंमलात देऊळ पडले, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार डिचोली महालातील नार्वे येथे नेले. आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार 1668 साली शिवछत्रपतींनी करविला. दिवाडीहून नार्व्यालाही फेरीबोटच नेते. शेजारच्या चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला, खारफुटीच्या दाट जाळीत, 178 हेक्टरांचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. रायबंदरच्या धक्क्यावरून तेथे सकाळी लवकर पोहोचावे.

समुद्रच हवा असेल त्याने उत्तरेची सरहद्द गाठावी. पेडणे तालुक्यात हरमलच्या पुढे केरीचा किनारा आहे; तेथे तेरेखोल नदी समुद्रास मिळते, आणि पैलतीरावरचा तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तरेस असूनही गोव्याच्या हद्दीत मोडतो. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला 1746 साली पोर्तुगीजांनी जिंकून घेतला. किल्ल्यामागे महाराष्ट्राची रेडी, आणि रेडीच्या पुढे शिरोडा: 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाने गाजलेले, आणि वि. स. खांडेकरांनी ज्याच्या शाळेत अनेक वर्षे अध्यापन केले ते गाव. तेथील वेळागरच्या सुरूच्या राईखालचा समुद्र बागाच्या समुद्राहून रतिभरही उणा नाही. सावंतवाडीकडून येणाऱ्या मराठी प्रवाशाने शिरोडा, रेडी, तेरेखोल या वाटेने येऊन फेरीबोटीने केरीस उतरावे.

दक्षिणेस काणकोणात पाळोळे आता गजबजले आहे. तरीही त्याच्या उत्तर टोकाशी असलेल्या लहानशा बेटावर ओहोटीच्या वेळी खडकांतून चालत जाता येते. येथे तिथीचे भान हवे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत दूर हटते, अष्टमीच्या भांगात फारसे हटत नाही. आणि ओहोटीची वेळ दररोज पाऊण तासाहून किंचित अधिक पुढे सरकते. परतीचा हिशेब न करता पलीकडे रमलेल्याची वाट भरती अडवते, म्हणून स्थानिक कोळ्याला वेळ विचारल्यावाचून पाऊल टाकू नये.

आणखी दक्षिणेस गालजीबागचा किनारा आहे. तेथे आता नद्यांवर पूल झाले आहेत. परंतु तेथील शांतता कासवांनी राखली आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूत येऊन शंभरेक अंडी घालते, वनखाते त्या जागेला कुंपण घालते, आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. ती क्षितिजावरच्या उजेडाच्या दिशेने सरपटतात. काळोख्या रात्री तो उजेड समुद्राचा असतो, परंतु किनाऱ्यावर उपाहारगृहांचे दिवे लागले, की तीच पिल्ले जमिनीकडे वळून मरतात. आपण फिरायला जातो त्या जागेवर त्यांचा हक्क आपल्याहून जुना आहे, असे मी मानतो. तेथे बॅटरीचा झोत टाकू नये, वाळूवर शेकोटी पेटवू नये, गाडी तर मुळीच नेऊ नये.

अशा निर्जन किनाऱ्यांवर जीवरक्षक सर्वत्र आढळत नाहीत. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखालून ओढ वाहत असते, आणि जून ते सप्टेंबर या काळात समुद्रात उतरणेच धोक्याचे. त्या महिन्यांत दिवाडीची खाजने हिरवीगार असतात, तेव्हा प्रवास त्या बाजूचा आखावा. परतीची शेवटची फेरीबोट किती वाजता सुटते, हे मात्र जातानाच धक्क्यावर विचारून घ्यावे.