शेगड्याचे बळ त्याच्या लोखंडात

शेतीकामात लोखंडी अवजारांचा व यंत्रांचा वापर जसजसा वाढला, तसतशी त्यांच्या दुरुस्तीची गरजही गावोगाव वाढली. पंपाचा फुटव्हॉल्व्ह उघडणे, पाइपास आटे पाडणे, पेरणी यंत्राचा गंजलेला बोल्ट कापणे, कोयत्यास कानस लावणे अशा कामांत वस्तू घट्ट धरून ठेवणारे साधन नसेल, तर कारागिराचे अर्धे बळ ती सांभाळण्यातच खर्ची पडते. वस्तू धरून ठेवण्याचे हे काम शेगडा करतो. बाजारात व कारखान्यात त्यास व्हाइस किंवा बेंच व्हाइस म्हणतात.

शेगडा नीट वापरला तर एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाणारे हे साधन आहे. असे असूनही ऐन हंगामात त्याचा जबडा मुळाशी तुटून पडल्याचे प्रसंग घडतात. काम अडून राहते, पैसा वाया जातो, आणि तुटलेला तुकडा पायावर पडून इजाही होऊ शकते. अशा वेळी कोणी कारागिरास दोष देतो, तर कोणी दुकानदारास. परंतु शेगडा ज्या जातीच्या लोखंडाचा बनलेला असतो, त्या लोखंडास न मानवणारे काम त्याजकडून घेतले गेले, हेच बहुधा मोडण्याचे कारण असते. यास्तव शेगडा विकत घेणाऱ्याने व वापरणाऱ्याने लोखंडाच्या जाती ओळखणे अगत्याचे आहे.

शेगड्यावर जोर कसा येतो

शेगड्याचे दोन जबडे असतात. एक स्थिर, बाकास बोल्टने आवळलेला, दुसरा सरकता. मधला स्क्रू फिरविला म्हणजे सरकता जबडा स्थिर जबड्याकडे ओढला जातो व वस्तू दोहोंमध्ये दाबली जाते.

हा दाब किती असतो, याचा हिशेब करून पाहावा. मुठीचा दांडा स्क्रूच्या मध्यापासून २०० मिलिमीटर अंतरावर धरून त्यावर २० किलोचा जोर दिला व स्क्रूच्या आट्यांमधील अंतर ५ मिलिमीटर असले, तर दांड्याच्या एका फेऱ्यात हात सुमारे १२५० मिलिमीटर फिरतो आणि जबडा फक्त ५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे जोर सुमारे २५० पट होतो. त्यापैकी चारपंचमांश घर्षणात गेला असे धरले, तरी वस्तूवर सुमारे १००० किलोचा दाब पडतो. आता त्याच दांड्यावर पाइपाचा तुकडा चढवून हात ६०० मिलिमीटर अंतरावर धरला, तर दाब तिप्पट म्हणजे सुमारे ३००० किलो होतो. बळ मनुष्याचे तेच. शेगड्यावरील भार मात्र तिप्पट.

हा दाब वस्तूला चिरडतो तसाच तो जबड्यांना एकमेकांपासून दूरही रेटतो. जमिनीत रोवलेला खांब वरून ढकलावा, त्याप्रमाणे जबडा मागे वाकू पाहतो. या वाकण्यात जबड्याची मागील बाजू दाबली जाते आणि वस्तूकडील बाजू मुळाशी ताणली जाते. शेगडा बहुधा याच ताणलेल्या कोपऱ्यात तुटतो. सबब, लोखंड दाब किती सोसते याहून ते ताण किती सोसते व धक्का बसला असता काय करते, हाच खरा प्रश्न होय.

लोखंडाच्या जाती

शुद्ध लोखंड, बीड आणि पोलाद यांतील भेद मुख्यत्वे कार्बनाच्या प्रमाणावर अवलंबून आहे. पोलादात कार्बन थोडा असतो. बिडात तो साधारणतः अडीच ते चार टक्के असतो. बिडातील हा कार्बन कोणत्या रूपात राहतो, यावर बिडाची जात ठरते.

करडे बीड : बाजारातील स्वस्त शेगडे बहुधा याच बिडाचे असतात. पाण्याच्या पंपाचे कवच किंवा कडबा कापणी यंत्राचे जड चाक पुष्कळदा याच बिडाचे असते. यात कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असतो. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतील शिसे. त्यास स्वतःचे बळ नाही. त्यामुळे प्रत्येक पापुद्रा लोखंडाच्या अंगातील एका बारीक भेगेसारखा वागतो. दाब आला तर या भेगा मिटतात. ताण आला तर त्यांची टोके उघडू लागतात. म्हणूनच करडे बीड ताणाच्या तिपटीहून अधिक दाब सोसते, पण ताणाखाली वाकून इशारा न देता एकदम तुटते. भारतीय मानक २१० मध्ये करड्या बिडाच्या प्रती ठरविलेल्या आहेत. त्यातील एफ.जी. २०० या प्रतीचे बीड दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २००० किलो ताण सोसते.

तथापि करडे बीड टाकाऊ समजू नये. ते सहज वितळते, साच्यात चांगले भरते, त्यावर यंत्रकाम सुलभ होते, आणि त्यातील ग्रॅफाइटमुळे कंप जिरतो. कानस चालविताना असा शेगडा थरथरत नाही. धरणे, घासणे, कापणे व आटे पाडणे एवढ्या कामासाठी चांगल्या ओतशाळेतील करड्या बिडाचा शेगडा पुरेसा आहे. घणाचा घाव मात्र त्यास सोसत नाही.

मॅलिएबल बीड : वितळलेले योग्य मिश्रणाचे बीड लवकर थंड झाले तर कार्बन लोखंडाशी संयोग पावून पांढरे, अत्यंत कठीण व काचेसारखे ठिसूळ बीड तयार होते. हे पांढरे ओतकाम भट्टीत दीर्घकाळ ताव देऊन हळूहळू निवविले, तर ते चिवट बनते. या क्रियेचे शास्त्रीय वर्णन फ्रान्समधील रेओमूर यांनी १७२२ साली केले. अमेरिकेत सेथ बॉयडन यांनी १८२६ साली तिचा निराळा प्रकार सिद्ध केला. बॉयडन यांच्या पद्धतीच्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी लहान लहान पुंजक्यांच्या रूपात राहते. असे बीड ताणल्यास तुटण्यापूर्वी थोडे लांबते, म्हणजेच धक्का काही अंशी पचविते. चांगल्या जुन्या शेगड्यांपैकी काही या बिडाचे आढळतात.

गोलकणी बीड : ओतशाळांत यास एस.जी. आयर्न किंवा डक्टाइल म्हणतात. वितळलेल्या बिडात अल्प मॅग्नेशियम मिसळले असता ग्रॅफाइट पापुद्रे न होता गोल दाण्यांच्या रूपाने जमते. दाण्याला धारदार टोक नसल्यामुळे तेथून भेग सुरू होणे कठीण जाते. अमेरिकेत कीथ मिलिस यांनी १९४३ साली हा प्रयोग यशस्वी केला, आणि १९४९ साली त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना त्याचे पेटंट मिळाले. ओतकामात मॅग्नेशियमचा अंश ०.०३ ते ०.०५ टक्के उरला तरी पुरतो. भारतीय मानक १८६५ मधील ४००/१५ या प्रतीचे बीड दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४००० किलो ताण सोसते आणि तुटण्यापूर्वी निदान १५ टक्के लांबते. करडे बीड एक टक्काही लांबत नाही. कोल्हापूर परिसरातील ओतशाळांतून करडे आणि गोलकणी अशा दोन्ही बिडांचे ओतकाम होते.

पोलाद : ओतीव पोलादाचे व घडीव पोलादाचे शेगडेही मिळतात. ते महाग असतात, पण अति जोर आला तर तुटण्याऐवजी बहुधा वाकतात. लोहाराचा उंच पायाचा शेगडा घडीव पोलादाचा असतो. त्याचा पाय जमिनीवर टेकलेला असल्यामुळे घणाचा घाव थेट जमिनीत उतरतो. ठोकण्याच्या कामासाठी खरे साधन हेच होय.

वजन म्हणजे बळ नव्हे

गिऱ्हाईक बहुधा शेगडा उचलून पाहतो व जो जड तो मजबूत असे मानतो. ही समजूत अपुरी आहे. जबड्याचे वाकण्याविरुद्धचे बळ त्याच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एफ.जी. २०० बिडाच्या जबड्यास ४००/१५ प्रतीच्या गोलकणी बिडाच्या जबड्याइतका भार सोसावयाचा असेल, तर ढोबळ हिशेबाने त्याची जाडी सुमारे १.४ पट ठेवावी लागते. म्हणजे करड्या बिडाचा शेगडा जड असतो तो त्यास जड असणे भाग असते म्हणून. आणि इतके करूनही धक्का सोसण्याचा गुण त्यात येत नाही. एकाच जातीच्या दोन शेगड्यांत मात्र मुळाशी भरीव, कोपऱ्यात गोलाई दिलेला व वजनदार शेगडा निवडावा.

खरेदी करताना घ्यावयाची परीक्षा

१. शेगड्यावर किंवा सोबतच्या कागदावर लोखंडाची जात लिहिली आहे काय ते वाचावे. शेगडा भारतीय मानक २५८६ प्रमाणे बनविला आहे काय, हेही विचारावे. नुसत्या ‘न मोडणारा’ या शब्दावर विसंबू नये; लोखंडाचे नाव विचारावे व ते पावतीवर लिहून घ्यावे.

२. जबडे मोकळे करून शेगडा लाकडी फळीवर ठेवावा व लहान हातोडीने हलके ठोकून पाहावा. गोलकणी बीड व पोलाद खणखणीत वाजते. करड्या बिडाचा आवाज बद्द येतो. मात्र तडा गेलेले चांगले लोखंडही बद्दच वाजते, हे ध्यानात ठेवावे.

३. शक्य असेल तर तळाशी, नजरेआड जागी, कानस फिरवून पाहावी. करड्या बिडाचा चुरा भुकटीसारखा पडतो व बोटांना ग्रॅफाइटचा काळा डाग लागतो.

४. जाड रंगाखाली ओतकामातील वाळूची छिद्रे लांबी भरून झाकलेली असू शकतात. जबड्याच्या मुळाशी अणकुचीदार खिळा टोचून पाहावा. तेथे छिद्र असेल तर शेगडा कोणत्याही जातीचा असो, घेऊ नये.

५. तडा असल्याची शंका आल्यास जागा पुसून त्यावर रॉकेल लावावे, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे आणि खडूची भुकटी पसरावी. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल खडूवर रेघेच्या रूपाने उमटते.

वापरताना घ्यावयाची काळजी

बाकाचा पृष्ठभाग सपाट असावा. उंचसखल फळीवर बोल्ट आवळले, तर तळाचे कान वापरापूर्वीच ताणले जातात व तेथून चिरतात. सर्व बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. जबड्यांची वरची कड कारागिराच्या कोपराइतक्या उंचीवर यावी.

वस्तू जबड्यांच्या मध्यभागी धरावी. एका बाजूस धरणे भाग असेल, तर दुसऱ्या बाजूस तितक्याच जाडीचा तुकडा द्यावा, म्हणजे जबडा पिळला जात नाही. दांड्यावर पाइप चढवू नये व हातोडीने दांडा ठोकू नये. हलके ठोकणे अटळ असल्यास घाव स्थिर जबड्याच्या दिशेने द्यावा. सरकत्या भागावर कदापि ठोकू नये. वाकलेला फण सरळ करणे, दाते ठोकून बसविणे ही कामे ऐरणीवर किंवा रुळाच्या तुकड्यावर करावीत. गॅसच्या ज्योतीने तापविलेली वस्तू शेगड्यात धरून त्यावर पाणी ओतू नये; तापलेले बीड एकाएकी थंड झाले म्हणजे तडकते. स्क्रू व नट वेळोवेळी पुसून त्यांस ग्रीस द्यावे, आणि पावसाळ्यात सर्व उघड्या भागांवर तेलाचा हात फिरवावा.

शेगडा मोडल्यास

साधे वेल्डिंग केल्यास बीड जोडल्यासारखे दिसते. परंतु जोडालगतचे वितळलेले बीड लवकर थंड होऊन पांढरे व ठिसूळ बनते. पुढील वेळी ते जोडाच्या शेजारीच तुटते. निकेलची कांडी वापरून, भाग आधी तापवून व नंतर राखेत पुरून सावकाश निवविल्यास जोड बरा होतो. पितळेची झाळ दिल्यास मूळ बीड वितळत नाही, म्हणून तीही पुष्कळदा उपयोगी पडते. तथापि जबड्याच्या मुळाशी जोडलेला शेगडा यापुढे हलक्या कामासाठीच राखावा. मोठा भार घेण्यासाठी त्याजवर भरवसा ठेवू नये.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी

अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांत, सहकारी संस्थांच्या दुरुस्तीशाळांत व गावच्या लोहाराकडे असलेले शेगडे हंगामापूर्वी एकदा पाहून घ्यावेत. रॉकेल व खडूची परीक्षा दहापंधरा मिनिटांत होते. ती शेतकऱ्यांसमोर करून दाखवावी. प्रत्येक शेगड्याची जात कळल्यावर ती त्यावर रंगाने लिहावी, म्हणजे नवखा मनुष्यही त्याजकडून भलते काम घेणार नाही. नवीन खरेदीचा प्रस्ताव करताना नुसते ‘सहा इंची शेगडा’ असे न लिहिता लोखंडाची जातही लिहावी. जेथे धरणे आणि घासणे एवढेच काम आहे, तेथे करड्या बिडाचा शेगडा घेऊन पैसा वाचवावा. जेथे अनेक हातांनी, जोराने व कधी धक्क्याने काम होणार आहे, तेथे गोलकणी बिडाचा किंवा पोलादी शेगडा घ्यावा. आणि जेथे घण चालणार आहे, तेथे शेगड्याशेजारी एक ऐरण असू द्यावी.