सीताफळ आणि राखणीचा कुत्रा

पाली परिसरात बालाघाटच्या उतारावर व बांधावर सीताफळ पिकते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हंगामात झाडाखाली पडलेली फळे राखणीचा कुत्रा खातो. ती त्याला बाधतात का?

पिकलेला गर बाधत नाही. मात्र गोड असल्याने चमचा-दोन चमचेच द्यावा. धोका बियांत आहे. त्यांत असिटोजेनिन नावाची विषारी द्रव्ये असतात. अखंड गिळलेली बी बहुधा विष्ठेतून पडते. चावलेली किंवा कुटलेली बी घातक ठरते. बिया जास्त गेल्यास आतडेही तुंबते.

याकरिता पुढील काळजी घ्यावी :

१. पडलेली फळे, साली व बिया रोज वेचून खड्ड्यात पुराव्यात.

२. गोचीड वा उवांसाठी बियांची पूड कुत्र्याच्या अंगाला लावू नये. ती चाटण्यात येते आणि डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते.

३. दशपर्णी अर्काचे पिंप झाकून ठेवावे.

४. द्राक्षे व मनुके कुत्र्याला मुळीच देऊ नयेत. त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

वारंवार उलटी, लाळ गळणे, सुस्ती किंवा पोट फुगणे दिसताच घरगुती उपाय न करता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.