निरोप उचलला, पण पुसला का?

ऑनलाइन दुकानात ऑर्डर नोंदवणारा प्रोग्राम बिल बनवणाऱ्या प्रोग्रामसाठी खोळंबून राहत नाही. मधे निरोपांची रांग असते. ॲमेझॉनची एसक्यूएस ही अशीच रांग, २००६पासून सर्वांसाठी खुली. पायथनमधून तिच्याशी बोलायला बोटो३ ही लायब्ररी आहे. विनंतीवर डिजिटल सही करणं, नेटवर्क अडखळलं तर पुन्हा प्रयत्न करणं, ही सगळी उस्तवार तीच करते.

खरी गोम आहे निरोप उचलण्यात. उचललेला निरोप रांगेतून जात नाही. मुदत बदलली नसेल तर ३० सेकंद इतरांपासून लपवला जातो, इतकंच. तेवढ्यात काम उरकून तो पुसला नाही, तर स्वारी पुन्हा रांगेत हजर! पुसताना निरोपाचा क्रमांक चालत नाही, उचलताना मिळालेली पावतीच दाखवावी लागते. कटकट वाटते खरी, पण प्रोग्राम मधेच कोसळला तरी ऑर्डर हरवत नाही ती यामुळेच. साध्या रांगेत क्वचित एकच निरोप दोनदाही येतो. तेव्हा बिल बनवण्याआधी ऑर्डर क्रमांक तपासावाच. आणखी एक, निरोप मागताना २० सेकंदांपर्यंत थांबायला सांगता येतं. रिकाम्या फेऱ्या वाचतात आणि पैसेही, कारण आकारणी विनंत्यांवर होते.